शिरेची साक्ष

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्याख्यानमालेत मुख्याध्यापिकेने शाळेच्या वाटचालीविषयी बोलावे, असा संकेत आहे. तो मी आज मोडणार आहे. वाटचालीचा आढावा स्मरणिकेत येईलच. मी आज मनुष्याच्या हातातील एका शिरेविषयी बोलणार आहे. मी मराठी विषय घेऊन एम. ए. झाले, बी. एड. केले आणि आयुष्यभर व्याकरण व निबंध शिकवले. वैद्यकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु गेली काही वर्षे या विषयाने आमच्या घरात मुक्काम ठोकला आहे; आणि जे घरात राहते ते शिक्षक वर्गात आणल्याशिवाय राहत नाही, हे आपण जाणताच.

१९६६ साली आपल्या शाळेची पहिली इयत्ता भरली. तिच्या हजेरीपटावर माझ्या थोरल्या बंधूंचे, म्हणजे दादाचे, नाव आहे. त्याच वर्षी अमेरिकेतील ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात चार डॉक्टरांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मायकेल ब्रेशिया, जेम्स चिमिनो, ॲपेल आणि बारूक हर्विच ही त्यांची नावे. पाटी-दप्तर घेऊन निघालेल्या सहा वर्षांच्या दादाला किंवा आमच्या आईवडिलांना त्याची वार्ता असण्याचे कारण नव्हते. तथापि त्या निबंधात सांगितलेल्या शस्त्रक्रियेवर आज दादाचा प्राण टिकून आहे.

दादाला मधुमेह होता. २०२१ मध्ये त्याची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान झाले आणि डायलिसिस हा शब्द घरात आला. आपल्या गुजरातेत नडियाद आणि अहमदाबाद येथील मूत्रपिंडाच्या संस्थांमुळे हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. मात्र त्याची पूर्वतयारी काय असते, हे ज्यांच्यावर वेळ येते त्यांनाच कळते.

डायलिसिस म्हणजे शरीरातील रक्त बाहेर काढून, यंत्रातून गाळून, पुन्हा शरीरात सोडणे. त्यासाठी दर मिनिटाला दोनशे ते तीनशे मिलिलिटर, कधी त्याहूनही अधिक रक्त यंत्राकडे यावे लागते; आठवड्यातून साधारण तीनदा, प्रत्येक वेळी चार तास. आपल्या हातावर निळसर दिसणारी साधी शीर एवढे रक्त देऊ शकत नाही. धमनीत जोर असतो. पण ती खोल असते आणि तिला वारंवार सुईने टोचणे धोक्याचे. डच डॉक्टर विलेम कोल्फ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, फिरत्या पिंपाचे कृत्रिम मूत्रपिंड तयार केले खरे. परंतु दर खेपेस नव्याने रक्तवाहिनी उघडावी लागत असल्याने दीर्घकाळ उपचार करणे अशक्य होते. यंत्र होते, पण त्याच्यापर्यंत जाणारी वाट नव्हती. १९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हाताबाहेर राहणारी टेफ्लॉनची नळी बसवून ही वाट प्रथम काढली. तिने अनेकांना जगवले. मात्र ती नळी शरीराबाहेर असे. तिच्यात रक्त गोठे आणि जंतुसंसर्ग होई.

चिमिनो विद्यार्थिदशेत न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात रक्त काढण्याचे काम करीत असत. शिरांशी त्यांची ओळख तेव्हापासूनची. पुढे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असा विचार केला की, बाहेरची नळीच नको. त्वचेखाली धमनी आणि शीर एकमेकींना जोडून द्यावी. धमनीचा जोरकस प्रवाह शिरेत शिरेल, शीर फुगेल, तिची भिंत दणकट होईल आणि तिलाच सुई टोचता येईल. ॲपेल हे त्यांच्यातील शल्यचिकित्सक. १९६५ मध्ये अशी पहिली शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या वर्षी तो निबंध प्रसिद्ध झाला. या जोडणीला फिस्टुला म्हणतात. मूळ लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ नळी, पावा. फिस्टुला चालू असलेल्या हातावर आपण बोट ठेवले की खालून एक अखंड थरथर जाणवते आणि कान लावला तर घुमणारा आवाज ऐकू येतो. भाषेच्या शिक्षिकेला हा अर्थ फार जवळचा वाटला, हे मी कबूल करते.

परंतु शीर जोडली म्हणजे काम झाले असे नव्हे. तिला ‘पिकावे’ लागते. मनगटाच्या धमनीतून एरवी मिनिटाला जेमतेम वीस-तीस मिलिलिटर रक्त वाहते. जोडणीनंतर ते कित्येक पटींनी वाढते. तो लोंढा सोसत शिरेने रुंद व्हायचे असते. डॉक्टरांनी त्यासाठी सहाचा एक सोपा नियम सांगितला आहे: सुमारे सहा आठवड्यांनी शिरेचा व्यास सहा मिलिमीटर असावा, ती त्वचेखाली सहा मिलिमीटरपेक्षा खोल नसावी आणि तिच्यातून मिनिटाला सहाशे मिलिलिटर रक्त वाहावे.

दादाच्या डाव्या मनगटावरील शीर पिकली नाही. सहा आठवडे गेले, बारा गेले. तो रोज सकाळी रबरी चेंडू दाबीत बसे. एके दिवशी ती थरथरही थांबली. मग मानेतून नळी घातली गेली. त्या नळीचे ओझे, स्नानाची अडचण आणि सतत जंतुसंसर्गाची भीती, हे सारे आम्ही पाहिले. डॉक्टरांनी कोपराजवळ दुसरा फिस्टुला करण्याचे सुचवले, तेव्हा दादाने स्पष्ट नकार दिला. तो मला म्हणाला, “अगं, माझ्या शिरांतच दम नाही. पुन्हा हात चिरून काय मिळणार? मानेतली नळी जितके दिवस नेईल तितके दिवस जाऊ.”

मी शल्यचिकित्सकांना भेटले. ते गुजराती गृहस्थ. मी विचारले, “डॉक्टरसाहेब, दुसरी शीर तरी पिकेल, हे आधी सांगता येणार नाही का?” ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “बेन, हाच प्रश्न आम्हीही विचारतो. सोनोग्राफीवर मी शिरेची रुंदी मोजू शकतो. तिच्या भिंतीत काय लिहिले आहे, ते मला बाहेरून वाचता येत नाही.”

‘भिंतीत काय लिहिले आहे’ हे शब्द माझ्या मनात घर करून राहिले. आपल्या शाळेतून २००१ मध्ये दहावी झालेली एक विद्यार्थिनी आज विकृतिशास्त्राची तज्ज्ञ आहे. मी तिला दूरध्वनी केला. तिने मला आपल्या प्रयोगशाळेत बोलावले, सूक्ष्मदर्शकासमोर बसवले आणि म्हणाली, “बाई, आज तुम्ही विद्यार्थिनी.” तिने शिरेचा रंगवलेला पातळ छेद दाखवला. त्या रंगक्रियेत स्नायू लाल दिसतात आणि कोलॅजेन, म्हणजे ऊतींतील चिवट तंतू, निळे. शिरेच्या भिंतीचे तीन थर तिने मला ओळखायला शिकवले: रक्ताला लागून असलेला अंतःस्तर, मधला स्नायूंचा मध्यस्तर आणि बाहेरचा आधार देणारा बाह्यस्तर. दोन नमुने तिने शेजारी शेजारी ठेवले. एकात मध्यस्तर लाल पट्ट्यांनी भरलेला होता. दुसऱ्यात त्या लालीत सर्वत्र निळे धागे घुसले होते. “ही तंतुमयता,” ती म्हणाली. “हिच्यामुळे भिंत ताठ होते आणि जी भिंत ताठ, ती पसरत नाही.”

फिस्टुला करताना शिरेचे टोक धमनीला जोडण्यापूर्वी थोडे छाटावे लागते. तो तुकडा एरवी टाकून दिला जातो. संशोधकांनी रुग्णांच्या संमतीने तो जपून ठेवला आणि पुढे कोणाचा फिस्टुला पिकला, कोणाचा नाही, याच्याशी त्यातील खुणांचा ताळा घातला. या खटाटोपाचे कारण गंभीर होते. २००८ मध्ये अमेरिकेतील ८७७ रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रक्त गोठू न देणारे औषध दिल्याने सुरुवातीच्या गुठळ्या कमी झाल्या. परंतु औषध घेणारे असोत वा न घेणारे, दोन्ही गटांत सुमारे ६० टक्के फिस्टुला डायलिसिसच्या कामी येण्याइतके तयार झाले नाहीत. म्हणजे खोड केवळ गुठळीत नव्हती; ती भिंतीत कोठेतरी होती.

दीर्घकाळ संशय होता तो अंतःस्तरावर. तो आतून जाड होत गेला की वाहिनी अरुंद होते. मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या शिरांत हा जाडपणा शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच अनेकदा आढळतो. तेव्हा जिचा अंतःस्तर आधीच जाड, ती शीर नापास होणार, असे भाकीत करणे साहजिक होते. अमेरिकेतील सात केंद्रांनी मिळून ६०२ रुग्णांचा अभ्यास केला आणि त्यांपैकी अनेकांच्या शिरांचे तुकडे तपासले. २०१७ मध्ये निष्कर्ष आला: शस्त्रक्रियेपूर्वीच्या त्या जाडपणाचा आणि फिस्टुला पिकण्या-न पिकण्याचा स्पष्ट संबंध दिसला नाही.

पुढच्या वर्षी मायामी येथील संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काही रुग्णांत दंडातील खोल शीर दोन टप्प्यांत वापरली जाते. प्रथम जोडणी, नंतर काही आठवड्यांनी ती शीर वर उचलून त्वचेजवळ आणणे. त्यामुळे एकाच शिरेचा नमुना जोडणीच्या वेळी आणि नंतरही मिळू शकतो. या संशोधकांना असे आढळले की, फिस्टुला न पिकण्याशी निगडित होती ती शस्त्रक्रियेनंतर मध्यस्तरात वाढणारी तंतुमयता. आणि अंतःस्तराचा जाडपणा अपायकारक ठरत होता तो मुख्यतः या तंतुमयतेच्या सोबतीने. एकटा जाडपणा शिरेला हरवत नव्हता, कारण बाहेरची भिंत पसरू शकली तर आतला मार्ग मोकळा राहतो.

याचा अर्थ मी माझ्या भाषेत असा लावला. आधीच्या तुकड्यात शिरेचा इतिहास असतो. तिचे भवितव्य जोडणीनंतर, तो लोंढा अंगावर घेताना, ती स्वतःला कशी सावरते यावर बरेचसे ठरते. काही रुग्णांत ही दुरुस्ती लवचीक होते, काहींत ताठर. ती ताठर का होते आणि औषधाने तिला आवर घालता येईल का, हा आजचा संशोधनाचा प्रश्न आहे. माझ्या विद्यार्थिनीने मला एक मर्यादाही बजावून सांगितली. तुकडा हाती येतो तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर. तेव्हा ‘करावे की न करावे’ हे ठरवायला तो फार उशिरा येतो. त्याचा खरा उपयोग पुढे व्हावा, अशी अपेक्षा आहे: कोणाच्या शिरेवर अधिक लक्ष ठेवावे, कोणाला फुग्याने शीर रुंद करण्याचा उपचार लवकर द्यावा, हे कळण्यासाठी. आज तरी कोणत्याही रुग्णाला शिरेचा तुकडा पाहून ‘तुझे जमेल’ किंवा ‘तुझे जमणार नाही’ असे खात्रीने सांगता येत नाही. वृद्धांत, मधुमेहींत, रक्तवाहिन्यांचे आजार असणाऱ्यांत आणि स्त्रियांत फिस्टुला न पिकण्याचे प्रमाण अधिक असते, एवढे आडाखे आहेत. ते आडाखेच, निकाल नव्हे.

हे सर्व मी घरी येऊन दादाला सांगितले. तो ऐकत होता आणि शेवटी म्हणाला, “म्हणजे माझ्या शिरांत दम नाही, असे कोणी लिहून दिलेले नाही तर!” मी म्हटले, “नाही. ते तूच लिहून घेतले आहेस.”

येथे मला शाळेचा विषय टाळता येत नाही. हीरक महोत्सवासाठी आम्ही जुनी कपाटे उघडली, तेव्हा दादाच्या तिसरीच्या प्रगतिपुस्तकाची नक्कल सापडली. शेरा असा: ‘गणितात गती नाही.’ दादाने पुढे एका बँकेत छत्तीस वर्षे रोखपालाचे काम केले. शेरा लिहिणाऱ्या गुरुजींना मी दोष देत नाही. त्या दिवशी त्यांना जे दिसले ते त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले असेल. मीसुद्धा तीस वर्षांत असे पुष्कळ शेरे लिहिले आहेत आणि त्यांतील काही आज मला बोचतात. हा दृष्टांत फार ताणू नये, हे मी जाणते. मूल म्हणजे शीर नव्हे आणि शेऱ्याने कोणाचा प्राण जात नाही. परंतु भाकीत कशासाठी करायचे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. ज्याला अधिक मदत लागेल त्याला वेळेवर ओळखण्यासाठी ते केले, तर ते ज्ञान. त्याला बाजूला सारण्यासाठी केले, तर तो अन्याय. त्या सात केंद्रांतील संशोधकांनी ज्या समजुतीवर भिस्त होती ती तपासून पाहिली आणि ती टिकली नाही, हे मोकळेपणाने छापले. आपल्या शिक्षक-खोलीत ही रीत रुजली, तर मला आनंद होईल.

दादाने दुसऱ्या शस्त्रक्रियेला संमती दिली. कोपराजवळचा तो फिस्टुला पहिले पाच आठवडे चिंताजनकच होता. एक जागा अरुंद होती. ती वेळीच लक्षात आली आणि फुग्याने रुंद केली गेली. अकराव्या आठवड्यात पहिली सुई टोचली. मानेतील नळी निघाली त्या दिवशी दादाने डोक्यावरून पाणी घेऊन मनसोक्त स्नान केले. त्याहून मोठा समारंभ आमच्या घरी त्या वर्षी झाला नाही.

एक खंत मात्र सांगितली पाहिजे. दादाची मूत्रपिंडे अधू आहेत, हे ठाऊक असताना दोन वर्षे आधी तो दुसऱ्या एका आजारासाठी रुग्णालयात होता. तेथे आठ दिवस त्याच्या डाव्या हाताच्या त्याच शिरांत सलाइनच्या सुया बसवल्या गेल्या. कोणी आम्हांला सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पहिला फिस्टुला त्यामुळेच फसला, असे मी म्हणू शकत नाही. पण शिरा ही जपण्याची ठेव आहे, हे तेव्हा माहीत असते, तर आम्ही निदान दुसरा हात पुढे केला असता.

म्हणून, पालकहो, एवढे लक्षात ठेवावे. घरात कोणाची मूत्रपिंडे अधू असतील, तर ज्या हाताने ती व्यक्ती लिहीत-जेवत नाही, त्या हाताच्या मनगटापासून दंडापर्यंतच्या शिरा राखून ठेवाव्यात. रक्त काढायचे झाल्यास शक्यतो पंजाच्या मागील शिरेतून काढण्याची विनंती करावी. फिस्टुला झालेला असेल, तर त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, इंजेक्शन घेऊ नये, घट्ट बांगड्या किंवा घड्याळ घालू नये, तो हात उशाला घेऊन निजू नये. रोज सकाळी बोट ठेवून थरथर तपासावी; ती थांबली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आणि हे सारे ज्यांना करावे लागू नये अशी माझी प्रार्थना आहे, त्या तुम्हां सर्वांना सांगते: मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही मूत्रपिंडे निकामी होण्याची प्रमुख कारणे आहेत, आणि दोन्ही बराच काळ गुपचूप काम करतात. सातवी ‘अ’च्या वर्गात आज आपल्याच माजी विद्यार्थी डॉक्टरांनी तपासणीची सोय केली आहे. भोजनाच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी कृपया त्या रांगेत उभे राहावे.

आज रविवार. दादाचा डायलिसिसचा वार नाही, म्हणून तो समोर तिसऱ्या रांगेत बसला आहे. साठ वर्षांपूर्वी याच आवारात त्याने पहिल्यांदा ‘हजर’ म्हटले होते. कार्यक्रमानंतर त्याच्या हातावर बोट ठेवून ती थरथर ज्यांना अनुभवायची असेल, त्यांना त्याची अनुमती आहे. मी विचारून घेतले आहे. मात्र हलक्या हाताने.